बरणीवर नाव: रंगवावं की कोरावं?

भेट द्यायच्या काचेच्या बरणीवर नाव घालायचं तर घरी जमणारे दोन मार्ग आहेत: काचेचे रंग किंवा एचिंग क्रीम, म्हणजे काच कोरणारं रासायनिक मलम.

रंगात मजा जास्त. वेलबुट्टी काढा, छटा मिसळा, चुकलं तर ओलं असतानाच बोळ्याने पुसा. पण आधी काच स्पिरिटने पुसायलाच हवी; बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर रंग नेमका तिथूनच सुटतो. भाजून पक्के होणारे रंग असतील, तर बरणी थंड ओव्हनमध्ये ठेवून मग तापवायची आणि आतच गार होऊ द्यायची. घाई केली की तडकलीच समजा.

एचिंग क्रीममधली फ्लोराइड संयुगं काचेचा पृष्ठभागच खातात. अक्षरं दुधी उमटतात आणि कितीही घासलं तरी जात नाहीत. (चुकलेली वेलांटीही जात नाही!) स्टेन्सिलची (अक्षरं कापलेल्या चिकट साच्याची) कड नखाने दाबून बसवा, नाहीतर क्रीम आत शिरतं. हातमोजे हवेतच; मुलांना सोबत घेऊन करायचं हे काम नव्हे.

रोज धुतली जाणारी बरणी असेल, तर मी डोळे झाकून एचिंग निवडेन. नुसती शोभेची असेल तर रंग. आत खाऊ भरणार असाल, तर रंग फक्त बाहेरून, तोही तोंडाच्या कडेपासून लांब.