‘द मेसेज’ की पब्लिक एनिमी: आधी काय ऐकायचं?

भाच्याने विचारलं, “मामा, जुन्या हिप-हॉपमधलं समाजाबद्दल बोलणारं ऐकायचंय. सुरुवात कुठून करू?” त्याच्या मनात दोन नावं होती: ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं गाणं ‘द मेसेज’ (1982) आणि पब्लिक एनिमीचा 1988 चा अल्बम ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’.

वेळेचा हिशेब सरळ आहे. सात मिनिटं विरुद्ध जवळपास तासभर.

कळायला ‘द मेसेज’ सोपं. ठेका संथ, आणि वस्ती डोळ्यांसमोर उभी राहते: फुटक्या काचा, घरात उंदीर-झुरळं, शेवटी कोठडीत लटकलेला सापडणारा पोरगा. (गंमत म्हणजे नाव फ्लॅशचं, पण गाण्यात त्याचा हात जवळजवळ नाही, लिहिलं मुख्यतः स्टुडिओतला वादक ड्यूक बूटी आणि गटातला रॅपर मेली मेलने.) पब्लिक एनिमीचा रॅपर चक डी मात्र नुसतं वर्णन करत नाही, सरकारला, माध्यमांना जाब विचारतो. मागे बॉम्ब स्क्वाडने (त्यांचं संगीत घडवणाऱ्या चमूने) रचलेला कर्कश कल्लोळ. पहिल्यांदा डोकं उठतं.

पुन्हा पुन्हा ऐकायला मात्र पब्लिक एनिमीचा अल्बमच सरस. दर वेळी नवा तुकडा हाती लागतो.

बसमध्ये जाता-येता ऐकणार असशील तर ‘द मेसेज’. हेडफोन लावून, शब्द समोर ठेवून बसायची तयारी असेल तर पब्लिक एनिमी.