लिश्टेनश्टाइन: बर्फावरचं आणि मैदानावरचं

क्षेत्रफळ 160 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये वसलेल्या या देशाने 1936 मध्ये हिवाळी आणि उन्हाळी, दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदार्पण केलं. पुढे मात्र दोन्हींच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये 2022 पर्यंत 10 पदकं: 2 सुवर्ण, 2 रौप्य, 6 कांस्य. सगळी अल्पाइन स्कीइंगची, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत जाण्याच्या शर्यतींची! दोन्ही सुवर्णपदकं हान्नी वेन्झेलची, 1980 च्या लेक प्लॅसिडमधली. स्लालम आणि जायंट स्लालम या शर्यती जिंकून तिने डाउनहिल शर्यतीत रौप्यही मिळवलं. भाऊ आंद्रेआसलाही त्याच वर्षी रौप्य. 2018 मध्ये सुपर-जी या स्कीइंग शर्यतीचं कांस्य जिंकणारी टीना वायराथर ही हान्नीचीच लेक. एकाच घरात इतकी पदकं पाहून मला आजही भरून येतं.

उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक एकही नाही. 1980 च्या मॉस्को स्पर्धेवर तर बहिष्कारच होता. पण पदार्पणाच्या बर्लिन स्पर्धेची आठवण मोलाची आहे: आपला ध्वज हैतीसारखाच आहे हे 1936 मध्ये तिथे लक्षात आलं आणि 1937 मध्ये ध्वजावर मुकुट आला.

पराक्रम मोजायचा तर हिवाळी बाजूच सरस. तरी 2024 च्या पॅरिसमध्ये देशाचा एकमेव खेळाडू म्हणून माउंटन बायकिंगला उतरलेल्या रोमानो प्युंटेनरचं धाडस मला त्या पदकांइतकंच मोठं वाटतं.