कोथरूडमधील एक पाळणाघर: सांभाळ चोख, छायाचित्रांबाबत ढिलाई

आमची अडीच वर्षांची मुलगी या पाळणाघरात दिवसभर असते. एकदा दुसऱ्या मुलाने तिच्या दंडाला चावा घेतला, तेव्हा संध्याकाळी आम्ही काही विचारण्याआधीच ताईंनी बाही वर करून दातांचे वळ दाखवले आणि त्या वेळी आपण स्वयंपाकघरात होतो हेही सांगितले. त्या मुलाचे नाव मात्र आग्रह करूनही सांगितले नाही. त्याच्या घरच्यांचाही विचार त्यांनी केला, हे मला फार मोलाचे वाटते.

२०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास किंवा तो होण्याची भीती वाटल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तसे आपण कळवूच, मग संशयित घरचा असो वा संस्थेतला, असे संचालिकांनी प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट केले. जेवण उत्तम असते. कोणाच्याही तोंडात घास कोंबत नाहीत.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. पाण्यात खेळणाऱ्या, अर्धवट कपड्यांतील मुलांची छायाचित्रे पालकांना न विचारता व्हॉट्सॲप गटावर टाकली जातात. ती काढून टाकावीत आणि यापुढे प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी, अशी मागणी आम्ही केली आहे.