आमच्या कोपऱ्यावरचं मेडिकल : ४ स्टार, तेही आधी भांडून

खरं सांगायचं तर जुलैमध्ये मी इथं १ स्टार द्यायलाच बसलो होतो. पोराला ताप, रात्रीचे साडेनऊ, पाऊस धो धो, भिजत गेलो आणि म्हटलं काका मागच्या वेळची ती सेफिक्सीम, अँटिबायोटिक हो, ती द्या, तर म्हणे चिठ्ठी कुठाय. अहो मागच्या महिन्यात तुमच्याकडूनच नेली ना! "तो ताप वेगळा असेल, हा वेगळा असेल, मी काय डॉक्टर आहे?" वर पट्टीवरची लाल रेघ दाखवली, शेड्यूल एच-वन आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतलं, डॉक्टरचं पेशंटचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं, ते ३ वर्षं ठेवावं लागतं वगैरे वगैरे. डोकंच फिरलं.

पॅरासिटामॉल मात्र दिली, तीही पोराचं वजन विचारून. आणि डेंग्यूची साथ आहे, अंगदुखीसाठी घरातली अ‍ॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्रावाची भीती असते, सकाळी डॉक्टरला दाखवा असं दोनदा बजावलं.

मी कसला ऐकतोय, तसाच पुढच्या चौकातल्या दुसऱ्या मेडिकलमध्ये. त्याने काहीही न विचारता चार सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. घरी बायकोने विचारलं ह्या कसल्या, तर मलाच सांगता येईना, पुडीवर ना नाव ना एक्सपायरी. गेल्या कचऱ्यात. सकाळी डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिकचं इथं कामच नाही. म्हणजे ज्याने गिऱ्हाईक घालवलं त्याच्यावर मी चिडलो आणि ज्याने काहीही खपवलं त्याला पैसे देऊन आलो, कमाल आहे माझी पण.

तेव्हापासून काकांकडेच. पट्टी कापून दिली तर पाकिटावर एक्सपायरी पेनने लिहितात. परवा भाजीवाल्या मावशी होत्या, त्यांना वाचता येत नाही, तर एका पाकिटावर सूर्य काढला, एकावर चंद्र, आणि "मावशी, परत सांगा बरं कुठली कधी" असं वदवून घेतलं. मागे आम्ही सहाजण ताटकळत, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

एक स्टार कापला कारण डिस्काउंट शून्य, आणि आवाज खणखणीत. "ही अ‍ॅसिडिटीची गोळी किती महिने खाताय?" हे अख्ख्या दुकानाला ऐकू जातं हो काका!

रविवारी संध्याकाळी बंद असतं, बीपी-शुगरवाल्यांनी शनिवारीच नेऊन ठेवा.