जुन्या जिप्सीला ७५ अँपचा अल्टरनेटर बसवला: नाना पेठेतल्या वायरमनचं काम कसं झालं

पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं एक छोटंसं दुकान आहे. नाव टाकू नका असं दुकान चालवणाऱ्या चाचांनीच सांगितलंय, कारण ते एकटे आणि हाताखाली एक पोरगा, गर्दी झाली की कामाची वाट लागते म्हणे, म्हणून नाव देत नाही. पण काम इतकं चोख केलंय की लिहायलाच हवं, आणि जुन्या गाडीला एसी, मोठे दिवे, म्युझिक लावून मग बॅटरी बसतेय म्हणून वैतागलेली मंडळी आपल्यात कमी नाहीत.

गाडी मारुतीची जिप्सी किंग, १.३ एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन). जिप्सीला एसी कंपनीतून नव्हता, बाहेरून बसवलाय, हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब रिलेवर (म्हणजे करंट स्विचमधून न फिरता थेट बॅटरीकडून), शिवाय छोटा अँप्लिफायर. दिवसा मोकळ्या रस्त्याला काही जाणवायचं नाही, पण पावसात रात्री ताम्हिणीतून उतरून येताना दिवे, वायपर, ब्लोअर सगळं चालू असलं आणि पुढे चांदणी चौकात ट्रॅफिक लागलं की ब्लोअरचा आवाज बसायचा, वायपर रखडायचे, दिवे पिवळट व्हायचे, आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक. एसी बसवणाऱ्याने तेव्हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राचा, विषयच काढला नव्हता, आणि तक्रार घेऊन गेलं की मोठी बॅटरी टाका एवढंच उत्तर. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "टाकी मोठी बसवली म्हणून नळाला पाणी जास्त येतं का?"

या दुकानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी मोजमाप. वस्तू विकायची घाई अजिबात नाही. इंजिन गरम होऊ दिलं, मग क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजतात तो) लावून एकेक गोष्ट चालू करत आकडे पुठ्ठ्यावर लिहिले. डीपरवर हेडलाइट १३ अँप, ब्लोअर फुल १२, कंडेन्सरचा पंखा १०, कॉम्प्रेसरचा क्लच ४, इग्निशन आणि पेट्रोल पंप मिळून १०, वायपर ५, टेल लॅम्प मीटरचे दिवे वगैरे ४, म्युझिक २-३. बेरीज साठच्या आसपास. आणि माझ्या जुन्या अल्टरनेटरच्या प्लेटवर ५० लिहिलेलं.

त्यात प्लेटवरचा आकडा आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय नसताना, मिळतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो आकडा अल्टरनेटर ६००० आरपीएमला फिरत असतानाचा असतो, आणि इंजिन ८०० वर असलं तर पुलीच्या हिशोबाने अल्टरनेटर जेमतेम १८०० ला फिरतो, म्हणजे निम्मासुद्धा करंट निघेल याची खात्री नाही. माझा आयडलला २४ अँप देत होता, बाकीचं सगळं बॅटरीतून ओढलं जात होतं, बॅटरीवर मीटर १२.१ व्होल्ट. मग सकाळी सेल्फ कुठून लागणार!

पर्याय तीन होते. जुन्यालाच जाड तारेचं रिवाइंडिंग, जे चाचांनी स्वतःच नको म्हणून सांगितलं, कारण स्टेटर (आतली तारेची गुंडाळी) जाड तारेने भरला तरी डायोड आणि कटआउट (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर) जुन्याच ताकदीचे राहतात, आणि वेढे कमी केले की आयडलचा करंट उलट अजून पडतो. दुसरा, भंगारातून आलेला १२० अँपचा इंपोर्टेड, दिसायला दणकट. पण जिप्सीला एकच साधा व्ही पट्टा, तो एवढा लोड ओढताना घसरणार, तापणार आणि शेवटी तुटणार. तिसरा नवा ७५ अँपचा, कटआउट आतमध्येच असलेला, लुकास टीव्हीएसचा. तोच घेतला. जास्त महागडा माल गळ्यात मारायची संधी असताना त्यांनी मारला नाही, याला माझ्या हिशोबाने पूर्ण मार्क.

पुली जुन्याचीच काढून नव्याला लावली. लहान पुली टाकली तर आयडलला जास्त फिरेल ना असं मी विचारलं, तर म्हणाले फिरेल, पण पट्ट्याची पकड कमी होते, आणि हायवेला अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त पळतो, बेअरिंग जातात. ब्रॅकेट थोडं जुळवावं लागलं, एका बाजूला स्पेसर टाकून दोन्ही पुल्या एका रेषेत आणल्या, त्यासाठी सरळ पट्टी लावून खाली वाकून वाकून बघत होते, जरा फरक दिसला की परत खोल. असं काम बघायलासुद्धा बरं वाटतं.

वायरिंगचं काम मात्र खरं बघण्यासारखं. लोक अल्टरनेटर मोठा टाकतात आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर तीच जुनी ठेवतात, मग वायर तापते आणि व्होल्टेज वाटेतच संपतं. चाचांनी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवून दाखवली, दिवे एसी चालू असताना ०.७ व्होल्ट वाटेत गायब. नवीन १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, टोकाला लग दाबून वर हीट श्रिंकची नळी, आणि १०० अँपचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण ती वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागेल एवढा करंट बॅटरीतून येतो. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी पण नवी, खालचा रंग खरवडून. यानंतर तेच मोजलं तर ०.१२.

आणखी एक. कित्येक गॅरेजमध्ये अजूनही चालू गाडीवर बॅटरीचं टर्मिनल उपटून डायनामो (म्हणजे अल्टरनेटरच) चालतो का बघतात. एमपीएफआय गाडीला हे कृपया कुणालाही करू देऊ नका, बॅटरी सुटली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, जाऊ शकतो. इथे पोऱ्याने सवयीने टर्मिनलकडे पाना नेला तर चाचांनी त्याचा हातच धरला.

आता रिझल्ट. दिवे चालू आणि ब्लोअर दोनवर असेल तर आयडलला १३.५ व्होल्ट. सगळं एकदम फुलवर टाकलं तर आयडलला १२.८ येतं, म्हणजे तिथे जेमतेम भागतं, शिल्लक काही राहत नाही, पण पाय जरा ठेवला, १२०० च्या वर गेलं की लगेच १३.६ आणि २००० ला १४.१. ट्रॅफिकमध्ये दिवे पिवळे होणं बंद, सेल्फ एका फटक्यात. घाटात एसी लावून चढताना इंजिन किंचित जास्त ओढल्यासारखं वाटतं, ते साहजिक आहे, ७५ अँप म्हणजे हजार वॉटच्या वर झाले आणि अल्टरनेटरमध्ये बरंच उष्णतेत वाया जातं, त्यामुळे पूर्ण लोडला इंजिनातून अडीच एचपी जाणारच.

खर्च: अल्टरनेटर साडेआठ हजार, वायर फ्यूज लग पट्टा मिळून दोन हजार, मजुरी अडीच. मजुरी ऐकून काहींना जास्त वाटेल, मला नाही वाटत.

न आवडलेलं पण लिहितो. संध्याकाळी देतो म्हणाले ती गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली आणि मधे फोन कुणी उचलत नव्हतं, बाहेरगावचा माणूस असेल तर त्याने काय करायचं? मजुरीचं बिल साध्या वहीच्या कागदावर. आणि नवा पट्टा ताणला जाऊन सैल पडतो हे सांगायला हवं होतं, माझा थोडं चालवल्यावर सकाळी गार असताना चिरकायला लागला, परत नेला तर ताण बरोबर करून दिला, पैसे घेतले नाहीत. अंगठ्याने दाबून साधारण १० एमएम दबला पाहिजे, तुम्ही पण बघत जा.

फक्त हेडलाइटचा उजेड कमी आहे एवढीच तक्रार असेल तर अल्टरनेटरच्या मागे लागूच नका, आधी रिले किट टाका, जुन्या गाड्यांत सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो आणि उजेड तिथेच मरतो. बाहेरून एसी लावलाय किंवा लावणार आहात, तर मात्र आधी कुणाकडून तरी आयडलला गरम इंजिनवर करंट मोजून घ्या आणि मगच काय ते ठरवा. नाना पेठेत जाणार असाल तर सकाळी दुकान उघडतानाच जा, नंतर गाडी लावायला इंचभर जागा मिळत नाही, आणि जायचं ते मे संपायच्या आत, एकदा पाऊस सुरू झाला की चाचांकडे वायपर आणि शॉर्ट सर्किटवाल्यांची रांग लागते.