सात फेऱ्या घातलेली जमीन

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागत. एक पास्टरांची, दुसरी माझी. पास्टर सेवेनिमित्त सतत दौऱ्यावर आणि मी नोकरीत अडकलेला, त्यामुळे चेकबुकातल्या दहा-बारा कोऱ्या चेकांवर मी आधीच सही करून ठेवायचो. माझी फसवणूक कशी झाली हे सांगायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. घर लुटलं गेलं खरं, पण कडी मीच काढून ठेवली होती.

माझे वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा हे पास्टर सलग नऊ रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसून होते. अंत्यविधीला त्यांनी खांदा दिला. अशा माणसाला 'हिशोब दाखवा' म्हणायला जीभ रेटत नाही. त्या नऊ रात्री खोट्या होत्या असं मला आजही वाटत नाही. पण त्यांचं व्याज मी पुढची सहा वर्षं फेडत राहिलो.

उपासना भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची. एका रविवारी पास्टरांनी जाहीर केलं, "प्रभूने आपल्याला जागा दाखवली आहे." दुसऱ्याच आठवड्यात सगळी मंडळी ती जागा पाहायला गेली. बायबलमध्ये इस्राएलांनी यरीहो शहराभोवती घातल्या तशा आम्ही तिला सात फेऱ्या घातल्या, शेवटच्या फेरीला जयघोष केला. मग वचनपत्रं वाटली गेली. हातात नसली तरी विश्वासाने रक्कम लिहा. देणं जमत नसेल तर मंडळीला उसने द्या, दोन वर्षांत परत मिळतील. बायबलातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं, दर रविवारी कानावर पडू लागला. मी तीन महिन्यांचा पगार दिला. त्याहून वाईट म्हणजे एका विधवा मावशींच्या घरी जाऊन, नवऱ्याच्या मागे आलेले फंडाचे पैसे उसने द्यायला मीच त्यांना तयार केलं. त्यांनी पावती मागितली. मी हसून म्हणालो, "मावशी, पैसा देवाच्या घरात चाललाय."

त्या वर्षी वार्षिक सभा झाली नाही. त्या तारखेला उपास-प्रार्थना ठेवली. पुढच्या वर्षीही तेच. कारभार पाहणारे 'वडील' (एल्डर) मंडळीने निवडायचे, ते आता पास्टर स्वतःच नेमू लागले. तिघांपैकी एक त्यांचे मेहुणे, दुसरा त्यांच्याच ऑफिसात पगारावर. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं, आणि प्रत्येक बदलाला एखादं आत्मिक कारण होतं. 'हिशोबाच्या भांडणांनी आत्म्याला दुःख होतं' हे वाक्य तर मी स्वतः दुसऱ्यांना ऐकवलं आहे.

दीड वर्षाने, कुंपणाच्या कडेला चार रोपं लावावीत म्हणून मी एकटाच त्या जागेवर गेलो. मालक भेटले. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मागे गाणी म्हणत गोल गोल फिरत होता ते तुम्हीच का? मला वाटलं सहल आली आहे." जागा विकायचा विषय त्यांच्याकडे कोणी कधी काढलाच नव्हता.

मी पास्टरांना एकांतात विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पुढच्या रविवारी संदेश होता कोरहाच्या बंडावर, मोशेविरुद्ध उठलेल्यांना जमिनीने कसं गिळलं त्यावर. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायची गरजही पडली नाही. उपासना संपल्यावर हात मिळवायला कोणी आलं नाही.

'अभिषिक्ताला', म्हणजे देवाने नेमलेल्याला, 'हात लावू नका' हे वचन तेव्हा मला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मी 105वं स्तोत्र पूर्ण वाचलं. ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, आणि तंबी राजांना दिलेली आहे. दावीदाने अभिषिक्त शौल राजाला मारलं नाही हे खरं, पण राजाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून त्याने त्याला जाबही विचारला. प्रेषित पौलाने पेत्राला अंत्युखियात सर्वांसमोर तोंडावर सुनावलं. आणि हाच पौल गरिबांसाठी जमवलेला निधी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणी दोष काढू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून पाहा. प्रेषिताला साक्षीदार लागतो, आणि आमच्या पास्टरांना माझी कोरी सही पुरत होती.

पोलिसांत तक्रार केली तेव्हा खात्याचा उतारा समोर ठेवून त्यांचा पहिला प्रश्न मलाच होता: "ही सही तुमचीच ना?" बरीचशी रक्कम नातेवाइकांच्या नावांवर गेली होती. पास्टर आता दुसरीकडे नव्या नावाची मंडळी चालवतात.

पुढे वाचनात आलं की असे भोळे आम्हीच नव्हतो. अमेरिकेत 1995 मध्ये 'न्यू एरा' नावाचं प्रतिष्ठान कोसळलं. निनावी दाते तुमचे पैसे दुप्पट करतील असं सांगून त्याने कित्येक इव्हँजेलिकल संस्था आणि कॉलेजांचे पैसे घेतले होते, आणि ते दाते मुळात अस्तित्वातच नव्हते. चालक जॉन बेनेट याला 1997 मध्ये 12 वर्षांची शिक्षा झाली. तिथेही ओळखीचा विश्वासी माणूस सांगतोय म्हटल्यावर शिकलेल्या विश्वस्तांनी तपासायचं सोडलं. याउलट अमेरिकेतले प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहॅम आणि त्यांचे सोबती 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे बसले आणि प्रचारक कुठे घसरतात ते त्यांनी आधीच काढून ठेवलं. त्यात पैसा होता, परस्त्रीबरोबर एकांत होता, सभेचे आकडे फुगवून सांगणंही होतं. स्वतःवर संशय घेणारे हे लोक मला त्या वेळी अविश्वासी वाटले असते.

आता ज्या मंडळीत जातो तिथे अर्पण दोन जण मोजतात, ते एकमेकांचे नातलग नसतात, आणि मोजणी पास्टरांसमोर होत नाही. कोण किती देतं हे त्यांना माहीत नसतं. वार्षिक सभा दोन तास चालते, कमालीची रटाळ. गेल्या वेळी एका आजींनी खुर्च्यांच्या दुरुस्तीवरून पास्टरांना तीनदा टोकलं. त्यांनी तिन्ही वेळा वही उघडून आकडा दाखवला. मला मात्र आतून धडकी भरली, आता पुढच्या रविवारी कोरह येणार म्हणून. संदेश आला ठरल्याप्रमाणे फिलिप्पैकरांस पत्रातून, मागच्या आठवड्यात जिथे थांबले होते तिथून पुढे.

त्या मावशींचे पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे परत करतो. त्या पाकीट उघडून माझ्यासमोर नोटा मोजतात, वहीत तारीख लिहितात आणि पेन माझ्या हातात देतात. रकमेचा रकाना त्यांनी आधी भरलेला असतो. मी तो वाचतो, मगच सही करतो.