चाकं बाहेर आली, आता फेंडर पत्र्याचा की फायबरचा?

निसान सिल्व्हिया एस१३ असो की माझदा आरएक्स-७ एफडी, जपानी स्पोर्ट्स गाडी सजवताना गोष्ट साधारण एकाच जागी येऊन अडते. गाडी खाली बसवलेली असते, रुंद चाकं मनात भरलेली असतात, आणि टायर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या आवरणाच्या, कडेबाहेर डोकावत असतो. पुढे दोन वाटा. मूळ पत्रा कापून, नवा पत्रा घडवून वेल्ड करायचा आणि फेंडरच रुंद करायचा. किंवा फायबरचा (काचतंतू आणि रेझिनचा) तयार किट आणून रिव्हेट नाहीतर बोल्टने वरून बसवायचा. केई मिउरा यांचा रॉकेट बनी आणि वातारू कातो यांचा लिबर्टी वॉक या जपानी किट-ब्रँडनी दुसरी वाट जगभर गाजवली. तरी ती कालपरवाची नाही. १९७१ मध्ये आलेल्या फेअरलेडी २४०झेडजी या गाडीला निसानने स्वतःच वेगळे जोडलेले ओव्हरफेंडर, म्हणजे फेंडरवर वरून बसणारे रुंद तुकडे, दिले होते.

किटच्या बाजूने हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘नको वाटला तर काढून टाकू.’ हे पुढच्या चाकांपुरतं खरं आहे. पुढचा फेंडर मुळातच बोल्टवर असतो. आज उतरवला, उद्या दुसरा चढवला. मागे मात्र बाजूचा पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो. खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की टायरला आत जागा हवी, म्हणून किट बसवायच्या आधी मागच्या चाकावरची कमान कापावीच लागते. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली कमान कडेवर एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. ती कडच कापली की दोन पत्रे सुटे होतात आणि मधे फट उघडी पडते. जागोजागी चिरा देऊन आतला पत्रा बाहेरच्याला भिडवणं, पुन्हा वेल्ड करणं, प्राइमर, वर फट बुजवणारा सीलर, हे सगळं करावं लागतं. म्हणजे पत्र्याचं काम टाळायला किट घेतला तरी निम्मं पत्र्याचं काम गळ्यात आहेच. शिवाय ते किटखाली झाकलं जातं, त्यामुळे घाई तिथेच होते. सीलरऐवजी नुसता काळा स्प्रे मारलेली फट चिखलपाणी साठवत राहते, आणि गंज बाहेरून दिसेपर्यंत कमान आतून पोखरलेली असते.

फायबर हलकं, हा वजनाचा मुद्दाही तपासून घ्या. ०.८ मिमी जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ६.३ किलो भरतो. हाताने घातलेलं ३ मिमी फायबर साधारण साडेचार किलो. मूळ भाग काढून पूर्ण फायबरचा बसवला तर फायदा दिसतो. पण ओव्हरफेंडर मूळ पत्र्यावरच बसतो, म्हणजे गाडी थोडी का होईना जडच होते. कार्बन फायबरचे पैसे बॉनेटवर घालवा, तिथे निदान वजन कमी झाल्याचं समाधान मिळेल.

पत्र्याच्या कामाची बाजू घ्यायची तर ती टिकाऊपणाची. चांगल्या कारागिराने वाढवलेला फेंडर कंपनीतून तसाच आल्यासारखा दिसतो. जोड नाही, रिव्हेट नाही. अडचण उष्णतेची. इतक्या पातळ पत्र्यावर सलग वेल्ड ओढला की तो लाटा धरतो. म्हणून छोटे टाके मारायचे, तेही एकमेकांपासून लांब, मधे थंड होऊ द्यायचं, मग हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) बसवायचं. या कामाला आठवडे लागतात. ते वाचवायला लाटा पुट्टीने बुजवल्या, तर तो जाड थर पुढे तडकतो. स्वस्त फायबरचं दुखणं वेगळं: साच्यातून लवकर काढलेला भाग पुढेही आकसत राहतो, उन्हात रंगाखालून काचेचं विणकाम उमटतं, आणि कड गाडीच्या बॉडीला बसता बसत नाही.

ड्रिफ्टिंग (गाडी आडवी घसरवत वळवण्याचा खेळ) करत असाल तर मी वाद घालणार नाही, रिव्हेटचा किट घ्या. भिंतीला घासला, फुटला, तर नवा तुकडा लावून पुन्हा मैदानात जाता येतं. वेल्ड केलेली बाजू चेपली की महिनाभर गाडी उभी. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला मात्र मी मागे पत्रा आणि पुढे फायबर असाच जोड सुचवेन. दोन्हीकडे एकच साहित्य हवं हा हट्ट कशासाठी, कळत नाही. रंगाखाली कोण पाहतं?

गाडीनुसारही निर्णय बदलतो. स्कायलाइन आर३२ जीटी-आरचे पुढचे फेंडर आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे आहेत, पहिल्या पिढीची होंडा एनएसएक्स तर सगळीच. त्यावर पोलादी पत्रा वेल्ड होत नाही. ॲल्युमिनियम टिग वेल्डिंगने जोडणारा हात सापडत नसेल, तर तिथे फायबरच बरं.

गाडी जपानमध्ये नोंदलेली असेल तर एस१३ ची रुंदी १६९० मिमी आहे, हे लक्षात ठेवा. छोट्या गाड्यांच्या ‘पाच नंबर’ या नोंदणी वर्गाची मर्यादा १७०० मिमी. कायमचे जोडलेले फेंडर नोंदीतल्या रुंदीपेक्षा २० मिमीहून जास्त वाढले की रचनाबदलाची तपासणी लागते आणि गाडी मोठ्या गाड्यांच्या ‘तीन नंबर’ वर्गात जाते. पत्रा असो की रिव्हेट, तपासणीला फरक पडत नाही.

दहा-पंधरा मिमीच कमी पडत असतील तर दोन्ही वाटा सोडा. कडेची आतली घडी रोलरने वर दाबून बसवा. रंग हीट गनने गरम ठेवूनच. नाहीतर तो तडकतो आणि पुढच्या पावसात तीच रेघ लाल होते.